ठसा वाघाचाच कशावरून?

टिपेश्वरच्या जंगलातला वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूरच्या कापसाच्या रानात उतरतो, तेव्हा माणसांना तो दिसत नाही, दिसतो त्याचा ठसा. मग बांधावर वाद रंगतो, वाघ की बिबट्या? वनखात्याचा माणूस मात्र वादात न पडता ठशाचं माप घेतो आणि कॅमेरा लावून जातो. पेशीतलं एखादं प्रथिन शोधायला वापरतात ती अँटिबॉडीही असाच ठसा दाखवते. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज ठशालाच वाघ मानल्यामुळे झालेले आहेत.

उदाहरणासाठी भीमपूर सोडायची गरज नाही. ज्या आदिलाबाद जिल्ह्यात ते आहे, तिथल्या गोंड-कोलाम वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, नदीपलीकडे विदर्भातही आहे. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन निराळं असतं, त्यात सिकलसेलचा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद पडतं आणि दुखणं डोकं वर काढतं. हे बंद करण्यात बीसीएल११ए या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. डीएनएला चिकटून जीन चालू-बंद करणाऱ्या अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

आता पहिला गैरसमज. सिकलसेल तपासणीच्या शिबिरात बोटातून घेतलेल्या थेंबात हेच प्रथिन तपासतात, असं कुणाला वाटेल. तसं नाही. तिथे पाहतात ते हिमोग्लोबिन. झटपट निकाल देणाऱ्या काही पट्ट्यांवर अँटिबॉडी असतात खऱ्या, पण त्या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या. पक्कं निदान पुढे एचपीएलसीसारख्या तपासणीत होतं. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर राहतो पेशीच्या केंद्रकात, आणि पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं! त्याला गाठायचं तर अस्थिमज्जेत घडत असलेल्या कोवळ्या पेशी हव्यात.

कोविडनंतर ‘अँटिबॉडी’ म्हटलं की रिपोर्ट नाहीतर इंजेक्शन आठवतं. संशोधनाची अँटिबॉडी यांपैकी काहीच नाही. इवल्याशा कुपीत शंभर मायक्रोलिटर, म्हणजे दोनेक थेंब, आणि वर ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का. जिवंत पेशीत ती सहसा शिरतही नाही. आधी फॉर्मल्डिहाइडने पेशी जागच्या जागी गोठवतात, मग साबणासारख्या द्रवाने तिच्या पडद्याला भोकं पाडतात, तेव्हा कुठे अँटिबॉडी केंद्रकापर्यंत पोचते. चमकणारी ती सुंदर चित्रं मेलेल्या पेशींची असतात.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र सामान्य वाचकाचा नाही, खुद्द प्रयोगशाळेतला आहे. कुपीवर ज्याचं नाव, त्यालाच ती चिकटणार, हा तो समज. अँटिबॉडी ओळखते ती प्रथिनाच्या अंगावरची एक छोटीशी खूण. तशीच खूण दुसऱ्या प्रथिनावर असली की तिथेही ती बसते. बीसीएल११एची तर लहानमोठी रूपं आहेत. खूण लांब रूपाच्याच टोकाला असेल तर आखूड रूप नजरेतून सुटतं. शिवाय सर्वांत लांब रूपाचं वजन हिशेबाने ९१ किलोडाल्टनच्या आसपास येतं, पण प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलमध्ये पट्टी उमटते त्याहून बरीच वर. नवखा विद्यार्थी तिथेच गोंधळतो.

खात्री करायची रीत सोपी आहे, खर्चिक आहे आणि म्हणून टाळली जाते. ज्या पेशीतून त्या प्रथिनाचा जीनच काढून टाकलाय, तिच्यावर तीच अँटिबॉडी लावायची. वाघ नसलेल्या रानातही जो माणूस ‘वाघ’ म्हणून बोट दाखवतो, त्याच्या शब्दावर कोण विसंबेल? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाशी जोडलेल्या एका गटाने हीच कसोटी ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडींना लावली. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत, नापास ठरलेल्या अँटिबॉडींवर आधारलेले सरासरी १२ शोधनिबंध दर प्रथिनामागे निघाले. त्यातही एका पद्धतीत पास झालेली दुसऱ्या पद्धतीत नापास होऊ शकते, हे वेगळंच.

समजा, अँटिबॉडी खरी निघाली आणि केंद्रक चमकलं. म्हणजे फॅक्टर तिथे काम करतोय का? हजेरीपटावर सही असली म्हणजे माणूस कामावर आहेच असं नाही, हे सरकारी कचेरीत खेपा घातलेल्यांना सांगायला नको. बीसीएल११ए गर्भ-हिमोग्लोबिनच्या जीनवर नेमका कुठे बसतो, याचा बरीच वर्षं नीट पत्ता लागत नव्हता. २०१८ मध्ये अँटिबॉडीच्याच आधाराने, ती जिथे चिकटली असेल तिथला डीएनए कापून बाहेर काढणाऱ्या पद्धतीने, जागा सापडली. जीन सुरू होतो तिथून सुमारे ११५ अक्षरं आधी, सहा अक्षरांची एक ओळ.

मग गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा सुरू व्हावं म्हणून हे प्रथिन उपटूनच का टाकू नये? कारण मेंदूच्या घडणीत आणि बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींतही ते लागतं. म्हणून ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस मंजूर केलेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून बीसीएल११एच्या जीनचा तेवढाच तुकडा कापतात, जो तांबड्या पेशींच्या वाटेवर त्याला जोर देतो. बी-पेशींत प्रथिन बनत राहतं, कोवळ्या तांबड्या पेशींत घटतं. किती घटलं, हे प्रयोगशाळेत मोजायला पुन्हा ती दोन थेंबांची कुपीच काढावी लागते, आणि शेजारी जीन काढलेल्या पेशींचा नमुना ठेवावा लागतो.