६४ प्रोसेसर आणि एक काटा

संगणकात प्रोसेसर एकच असला की प्रोग्रॅममधल्या सूचना एकामागून एक पार पडतात. प्रोसेसर अनेक असले तर काम वाटून द्यावे लागते, आणि ही वाटणी मुख्यतः प्रोग्रॅमरलाच करावी लागते. हेच समांतर प्रोग्रॅमिंग. भारतात त्याला मोठे बळ मिळाले ते ‘परम’ महासंगणकामुळे. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे महासंगणक विकत मिळणे अवघड झाले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात ६४ ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांशी जोडता येणारे प्रोसेसर, बसवलेले होते.

यातल्या प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी. शेजाऱ्याकडची माहिती हवी तर निरोप पाठवून मागवायची. हवामानाच्या गणितात नकाशाचे चौकोन पाडून ते प्रोसेसरांना वाटतात. ज्याच्याकडे अकोल्याचा चौकोन, त्याला अमरावतीच्या हद्दीवरचे वारे आणि तापमान कळल्याशिवाय पुढचे गणित मांडता येत नाही. निरोपांची ही पद्धत पुढे १९९४ मध्ये ‘एमपीआय’ या नावाने प्रमाणित झाली.

प्रोसेसर वाढवले म्हणून वेग त्याच पटीत वाढत नाही. कापूस वेचायला कितीही बायका लावल्या तरी काटा एकच असेल, तर संध्याकाळी त्याच्यापुढे रांग लागणारच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा दाखवून दिली. कामाचा १० टक्के भाग वाटताच येत नसेल, तर ६४ प्रोसेसर लावूनही वेग नऊपटही होत नाही. प्रोसेसर कितीही वाढवले तरी दहापटीच्या वर जात नाही.

मेमरी सामायिक असली की निरोपांची कटकट टळते, पण दुसरीच भानगड उभी राहते. मोजणीत १०० हा आकडा आहे. दोन प्रोसेसर तो एकाच वेळी वाचतात, दोघेही एक मिळवून १०१ लिहितात. खरे उत्तर १०२. असा प्रोग्रॅम अनेकदा बरोबर चालतो आणि मधेच चुकतो, म्हणून ही चूक सापडता सापडत नाही. एका वेळी एकालाच आकडा बदलू देणारे कुलूप लावून ती टाळता येते. मात्र दोघे एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत बसले तर सगळेच ठप्प.

शिकताना आधी साधा प्रोग्रॅम बरोबर चालवावा, वेळ कुठे जातो ते मोजावे, मगच लूपमधली एकमेकांवर न विसंबणारी आवर्तने वाटून द्यावीत. सामायिक मेमरीवर अशी वाटणी करण्याची ‘ओपनएमपी’ ही पद्धत जीसीसी हा मोफत कंपायलर जाणतो; त्यामुळे मूर्तिजापूरच्या विद्यार्थ्याला सरावासाठी साधा लॅपटॉपही पुरतो.