शंभर मैल आणि दोन विसावे

शिस्त आणि आनंद यांचे वैर आहे, असे घरातील आजारपणात अनेकदा वाटू लागते. पथ्य सांभाळावे तर ज्येष्ठांचे मन मोडते आणि मन सांभाळावे तर प्रकृती बिघडते. या पेचाचे एक उत्तर दूरच्या एका क्रीडाप्रकारात सापडते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वेन्डेल रोबी यांनी १९५५ साली काही सोबत्यांसह सिएरा नेवाडा पर्वतातून घोड्यावरून ऑबर्न गाठले. त्यातूनच 'टेव्हिस कप' ही दीर्घ पल्ल्याची शर्यत उभी राहिली. अंतर शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. मुदत २४ तासांची. खोल दऱ्या, उन्हाळ्याची काहिली आणि रात्रीचा चंद्रप्रकाश हे सारे अनुभवण्यासाठी स्वार तिकडे जातात.

तरीही नियम कडक आहेत. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात, कातडी चिमटीत धरून शरीरातील पाणी कमी झाले का ते पाहतात, पोटातील आवाज ऐकतात आणि दुडक्या चालीने पळवून तो लंगडत तर नाही ना, याची खात्री करतात. ठरावीक वेळेत नाडी खाली आली नाही, तर पुढे जाता येत नाही. तासाभराचे दोन सक्तीचे विसावे असतात; त्यांत घोडा खातो, पाणी पितो आणि स्वारही सावलीत टेकतो. सर्वांत आधी पोहोचणाऱ्याचा गौरव होतोच. पण पहिल्या दहांतील सर्वांत सुस्थितीतील घोड्यासाठीही स्वतंत्र चषक आहे. शर्यत पूर्ण करणे म्हणजेच जिंकणे, अशी या क्षेत्रातील धारणा आहे.

येथे तपासणीचा प्रश्न 'थांबवू का?' एवढाच नसतो; 'पुढे जाण्यास समर्थ आहे का?' असा असतो. आपल्या घरात मात्र तपासणी म्हणजे बंदीची नांदी ठरते. मग फिरायला जाणे बंद होईल या भीतीने आजोबा लागलेली धाप लपवतात. आजी गोड खाल्ल्याचे सांगत नाहीत. घोड्याला दुखणे बोलून दाखवता येत नाही. माणसाला येते, पण धाक वाढला की तो गप्प बसतो. ज्या नियमाने माणूस लपवू लागतो, तो नियम रक्षण करीत नाही.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी प्रथम विचारावे, 'तुम्हांला काय करावेसे वाटते?' नातवंडांसोबत बागेत जाणे असो वा सणाचा घास, त्याचे प्रमाण, वेळ आणि विसावा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच ठरवून घ्यावा. धाप, चक्कर वा छातीत दुखणे जाणवताच थांबावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. येथे तडजोड नाही. ज्येष्ठांनीही त्रास झाल्यास तत्काळ सांगावे.

आणि हो, सक्तीचा विसावा स्वारालाही असतो. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सूनबाईंना, मुलाला वा जोडीदारालाही तो हवाच.