वृद्धाश्रमाच्या तपासणीत काय पाहायचे?

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात निदान एका, किमान 150 निराधार वृद्धांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाची गोष्ट करते. पण शब्द आहे 'स्थापन करू शकेल'. करेलच, असे नाही. सगळी पळवाट तिथेच आहे. जागा सहज पोहोचता येईल अशी असावी, असेही तेच कलम म्हणते. सिरोंचा-भामरागडच्या म्हातारीला गडचिरोली शहर सहज पोहोचता येते का?

13 डिसेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनी कुमार प्रकरणात जिल्हानिहाय वृद्धाश्रमांची माहिती राज्यांकडून घेण्याचे निर्देश केंद्राला दिले. आपल्या जिल्ह्याची माहिती आपणही समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे माहिती अधिकारात मागू शकतो. नुसता तपासणी अहवाल मागू नका, त्रुटींचा पूर्तता अहवालही मागा. खरी गोम त्यात असते.

रंगवलेल्या भिंती पाहून भुलू नका. रात्री कोण असते? अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलतात का, की पाठीला जखमा झाल्यात? औषधांची नोंद रोजची आहे, की तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच पेनाने भरलेली? आणि फक्त माडिया बोलणाऱ्या आजीला कुठे दुखते, हे समजणारे कुणी तिथे आहे का? मी तरी हा प्रश्न आधी विचारते.

वृद्धांची हेळसांड दिसली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.