धमनीचं चित्र कोण काढतं?

सीटी अँजिओग्राफीत डाय शिरेत शिरताच अंगभर गरम लाट येते. स्पीकरवरून ‘श्वास घ्या, रोखा’ असं सांगितलं जातं आणि काही सेकंदांत सगळं आटोपतंही. बाहेर आलेला पेशंट विचारतो, ‘फोटो नीट आला ना?’ खरं तर तेव्हा फोटो निघालेलाच नसतो. फिरत्या नळीतून सुटलेले क्ष-किरण शरीरातून जाताना किती क्षीण झाले, याचे लाखो आकडे तेवढे मशीनकडे जमा होतात. आतलं चित्र त्यांवरून गणितानं उभं करायचं असतं. यालाच रिकन्स्ट्रक्शन म्हणतात.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला. मशीन गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं. बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआयमधले ते इंजिनिअर! पुढे अनेक वर्षं ‘फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन’ ही झटपट रीत चालली. तिची अडचण अशी की क्ष-किरणांचा डोस कमी केला की चित्रात खरखर वाढते. ही खरखर निम्मी करायची तर डोस चौपट करावा लागतो. हृदयाच्या धमन्या जेमतेम 2 ते 4 मिलिमीटरच्या, तिथे कडा धूसर झाली की अडथळा 40 टक्के की 60, यावरच वाद.

मग पुन्हापुन्हा हिशोब करून चित्र सुधारणाऱ्या इटरेटिव्ह पद्धती आल्या. खरखर गेली, पण जोर वाढवला की चित्र प्लास्टिकसारखं गुळगुळीत दिसतं, अशी रेडिओलॉजिस्टांची तक्रार.

डीप लर्निंग इथे आलं. 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं जीई आणि कॅनन या दोघांच्या प्रणालींना परवानगी दिली. खरखरीत आणि स्वच्छ अशा चित्रांच्या जोड्या दाखवून न्यूरल नेटवर्कला शिकवायचं, ही मूळ कल्पना. पण ‘स्वच्छ’ म्हणजे काय, यावर दोघांचं एकमत नाही. जीईनं भरपूर डोसची, जुन्याच रीतीनं काढलेली चित्रं आदर्श मानली. कॅनननं इटरेटिव्ह पद्धतीची उत्तम चित्रं. शिष्य गुरूच्या वळणावर जाणारच, म्हणून मशीन घेताना हॉस्पिटलनं हा प्रश्न आधी विचारावा, असं मला वाटतं.

खरा फायदा मात्र धमन्यांतच दिसतो. नळीचा विद्युतदाब 120 वरून 80 किलोव्होल्टवर आणला की डायमधलं आयोडीन जास्त उजळतं, पण खरखरही वाढते. ती नेटवर्क आवरतं. त्यामुळे डोस उतरतो आणि डायही कमी लागू शकतो. मूत्रपिंडं अशक्त होऊन क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटसाठी ही मोठीच सोय.

डोस फारच उतरवला, तर मात्र खरखरीबरोबर एखादा फिकट, बारीक दोषही पुसला जाण्याची भीती असते. धमनीतलं कॅल्शियम असतं त्याहून मोठं दिसतं, ही खोड खरखर काढून जात नाही. आणि धडधडत्या हृदयानं हललेलं चित्र तर निव्वळ खरखर काढून सुधारत नाहीच. ठोके साठच्या आसपास आणायला स्कॅनआधी मेटोप्रोलॉलची गोळी अजूनही दिली जाते.