धरण भरले, पण धड आहे ना?

दिवाळीच्या सुमाराला वाशीमकडच्या माणसाला “काय, कसं काय?” असे विचारावे, तर स्वतःच्या प्रकृतीआधी तो धरणाची बातमी सांगतो. एकबुर्जी भरले म्हणजे वाशीम शहराची उन्हाळ्याची काळजी मिटली, अडाण भरले म्हणजे कारंजेकर सुटले! आणि ते साहजिकच आहे. हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला. काटेपूर्णा इथे उगम पावते आणि उत्तरेला अकोल्याकडे निघून जाते. अडाण, अरुणावती दुसरीकडे वळून पैनगंगेला मिळतात. पाणी जन्मते इथे आणि नांदायला जाते परक्या घरी. तेव्हा जागोजाग बांध घालून त्याला माहेरी अडकवून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु धरण किती भरले हे विचारणारे शंभर भेटतात. ते धड आहे का, असे विचारणारा क्वचितच. हा प्रश्न इंजिनियर लोक मात्र दरवर्षी विचारतात, आणि तो एक नसून दोन आहेत, ही गंमत समजून घेण्यासारखी आहे.

गृहिणींना पटेल असे उदाहरण घेऊ. घरात दोन फळ्या आहेत. एक कोठीच्या खोलीत, दुसरी बाळाच्या पाळण्यावर. दोन्हींवर लोणच्याच्या भरलेल्या बरण्या. फळीचे खिळे घट्ट आहेत का, हा झाला प्रकृतीचा प्रश्न. फळी पडलीच तर खाली काय आहे, हा झाला धोक्याचा प्रश्न. पाळण्यावरच्या फळीचे खिळे कितीही मजबूत असले तरी तिचा धोका मोठाच राहणार, आणि म्हणून तिच्याकडे रोज बघावे लागणार. अमेरिकेत धरणांना कमी, लक्षणीय व उच्च असे धोक्याचे तीन वर्ग लावतात. धरण फुटल्यास मनुष्यहानी होणे संभवनीय असेल, तर ते उच्च वर्गात गेले. मग ते काल बांधलेले आणि ठणठणीत का असेना!

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. धरणाला कोणी हात न लावता त्याचा धोका वाढू शकतो. बांधले तेव्हा खाली नुसती ज्वारीची शेते होती. पुढे तिथे वस्ती झाली, शाळा आली, नाल्याच्या काठाने घरे उभी राहिली. बांध तोच, पाणी तेवढेच, पण फळीखाली पाळणा येऊन बसला.

प्रकृतीचा दर्जा आपल्याकडे दोषांवरून ठरतो. धरणच फुटण्यापर्यंत पाळी येईल असे दोष पहिल्या प्रकारात, तातडीने दुरुस्त करण्याजोगे मोठे दोष दुसऱ्यात, आणि किरकोळ दोष किंवा निर्दोष धरणे तिसऱ्यात. शाळेतल्या ‘पहिल्या वर्गा’ची सवय असलेल्या आपल्या मंडळींनी इथे फसू नये, इथे पहिला येणे फार वाईट.

आता, एकबुर्जी काय किंवा अडाण काय, दोन्ही मातीची धरणे. एकबुर्जी गेल्या शतकाच्या साठीच्या दशकातले, अडाण सत्तरीच्या. अडाणची उंची सुमारे तीस मीटर. मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. दोन्ही अंगांनी मुरमाचे कवच असते, ते गाभ्याला धरून ठेवते. पाण्याच्या बाजूला लाटांसाठी दगडांचे अस्तर. आणि तरीही प्रत्येक मातीचे धरण थोडेसे पाझरतेच. पाझरणे हा दोष नाही. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, हा खरा प्रश्न! स्वच्छ पाणी येते तोवर माती जागेवर आहे. गढूळ येऊ लागले, की पाणी आतून माती घेऊन निघाले असे समजावे. बोटाएवढ्या वाटेचा बोगदा व्हायला मग फार काळ लागत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी भिंत ते काही काळ सोसते, माती सोसत नाही. म्हणून सांडवा पुराला पुरेल एवढा हवा. गुजरातेत मोरवीजवळ मच्छू नदीवरचे दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले, ते पूर सांडव्याच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे. मधला दगडी सांडवा उभाच राहिला. दोन्ही बाजूंचे मातीचे बांध मात्र वाहून गेले.

पुण्याच्या वाचकांना १२ जुलै १९६१ ची आठवण द्यायला नको. पानशेतचे मातीचे धरण पुरते झालेले नसताना त्यात पावसाळ्याचे पाणी साठले. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाचे काम अपुरे होते, त्याच्यावरची माती खचू लागली. जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरण्याची शर्थ केली, तरी तो गेला; आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. पुढे एका मंत्रिमहोदयांनी दोष खेकड्यांवर टाकला, त्यावर महाराष्ट्र हसला. वास्तविक खेकडे, घुशी बांध पोखरतात हे अगदी खोटे नाही. पण बिळे बुजवण्याचे काम काही खेकड्यांचे नव्हे.

धरण सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा २०२१ सालचा, ३० डिसेंबरपासून अमलात आला. पंधरा मीटरहून उंच असलेली सगळी धरणे त्यात येतात. एकबुर्जी आणि अडाण दोन्ही आली. पावसाळ्यापूर्वी एक आणि नंतर एक अशी वर्षाला दोनदा तपासणी सक्तीची आहे. शिवाय धरण फुटलेच तर पाणी कुठवर, किती वेळात पोचेल आणि कोणाला कसे हलवायचे, याची योजना तयार करायला मालकाला पाच वर्षांची मुदत दिली आहे. माझ्या मते सगळ्या कायद्यात हेच कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि ही योजना कचेरीच्या कपाटात राहून भागणार नाही. ती खालच्या गावच्या चावडीवर लागली पाहिजे.

दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन धरणावर जाल, तेव्हा पाण्याकडे बघून झाले की थोडे खालच्या अंगालाही बघा. बांधाच्या पायथ्याशी एरवी नसलेली ओल किंवा हिरवळीचा नवा पट्टा दिसतो का? उतारावर बाभळी माजल्या आहेत का? त्यांची मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. माथ्यावरचा रस्ता कुठे खचला आहे, लांबच लांब भेग पडली आहे? आणि पाझराच्या चारीतले पाणी ओंजळीत घेऊन पाहा. गढूळ असेल तर डबा नंतर उघडा. आधी धरणावरच्या चौकीदाराला आणि पाटबंधारे कचेरीला कळवा, आणि कळवल्याची तारीख लिहून ठेवा.