सावली हरवते तेव्हा

“आई, बारा वाजता आपली सावली गायब होते ना गं?” एप्रिलमधल्या एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना चौथीतल्या लेकीनं विचारलं.

“काहीतरीच काय! सावली कधी गायब होते का? जा, अभ्यास कर.”

तिचा चेहरा उतरला आणि मला माझंच लहानपण आठवलं. ‘आभाळाच्या पलीकडे काय असतं?’ असं विचारलं की उत्तर मिळायचं, ‘आधी भांडी घास.’ हळूहळू मी विचारायचंच सोडून दिलं होतं.

रात्री ओटा आवरून झाल्यावर मी शोधायला बसले. लेकीचं निम्मं बरोबर होतं, माझं मात्र साफ चूक! पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला. त्यामुळे सूर्य वर्षभर कर्कवृत्त ते मकरवृत्त अशी ये-जा करताना दिसतो. वाटेतल्या प्रत्येक गावाच्या तो वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. आमचं ओवे १९ अंश उत्तरेला, म्हणून इथे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेरीस. जुलैत ढगांमुळे काही दिसत नाही. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपूरला शेवटच्या. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिथे तो कधीच नाही!

आणि वेळही बाराची नव्हे. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर यायला साडेबारा उलटतात.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “आमच्या वेळी घड्याळ कुठं होतं? ओट्यावर सावली कुठवर आली ते बघूनच शेतावर भाकरी न्यायची.”

“मग सावली गायब झालेली कधी पाहिलीत?”

“पायाशी बघायला सवड कुणाला होती गं?”

महिनाभर वाट पाहिली. मेच्या मध्यावर भर उन्हात आम्ही तिघी गच्चीत. सपाट लादीवर कडधान्याचा उभट डबा ठेवला. साडेबाराला सावलीची बारीकशी कोर उरली होती. चार-पाच मिनिटांत तीही डब्याखाली शिरली! लेक टाळ्या पिटत नाचायला लागली. सासूबाई पदर सावरत उभ्या राहिल्या, स्वतःभोवती पाहिलं आणि हसल्या. “इतकी वर्षं उन्हात राबले, आज सवडीनं पाहिलं.”

सूर्याकडे थेट न बघता हा प्रयोग तुम्हीही जरूर करा. मैत्रिणींनो, डबा तर घरोघरी आहेच.

त्या रात्री लेकीनं नवा प्रश्न काढला, “आई, चंद्रावर सावली पडते का गं?”

पोळपाट बाजूला सारून म्हटलं, “चल, शोधू या.”