फ्रेंच क्रियापदांचे अपवादात्मक प्रत्यय

वर्तमानकाळी ‘वू’ या अनेकवचनी, तसेच आदरार्थी, सर्वनामाबरोबर फ्रेंच क्रियापद सरसकट ‘ए’ असा उच्चार होणारा प्रत्यय घेते. या कायद्याचा अंमल ज्यांच्यावर चालत नाही अशी मूळ क्रियापदे तीनच, एत्र (असणे), दीर (सांगणे) आणि फेर (करणे), आणि त्यांची रूपे अनुक्रमे ‘एत’, ‘दीत’, ‘फेत’ अशी होतात. यात स्वैराचार मुळीच नाही. लॅटिनमधील ‘दीकितिस’, ‘फाकितिस’ या रूपांत आघात धातूवर पडत असल्यामुळे पुढील निराघात अक्षरे झिजत गेली आणि अखेरीस ‘त’ तेवढा उरला. उलटपक्षी, ‘कान्तातिस’सारख्या रूपात आघात प्रत्ययावरच असल्याने तेथील स्वर टिकला आणि ‘शाँते’ (गाता) हे रूप सिद्ध झाले.

विशेष मननीय गोष्ट ही, की ‘दीर’ला उपसर्ग लागताच हा परंपरागत हक्क बहुधा खालसा होतो: ‘रदीर’चे (पुन्हा सांगणे) ‘रदीत’ होते खरे, परंतु ‘अँतेर्दीर’ (मनाई करणे) आणि ‘प्रेदीर’ (भाकीत करणे) यांची रूपे ‘अँतेर्दिझे’, ‘प्रेदिझे’ अशी सामान्य नियमाला धरूनच चालतात. ‘फेर’च्या कुळात मात्र तो हक्क अबाधित आहे.

तृतीयपुरुषी अनेकवचनात अन्य क्रियापदांचा प्रत्यय केवळ लेखी उरला असता, ‘ओं’ हा उच्चार राखणारी चार रूपे: सों, ओं, फों, वों (आहेत, बाळगतात, करतात, जातात).